पगारे सरांची जागा

पगारे सर गेल्याची बातमी मला सुकदेव रिक्षावाल्यानं दिली, आणि तीही भर रस्त्यात रिक्षा आडवी उभी करून. मी भाजीच्या पिशव्या घेऊन नाशिकरोडच्या बाजारातून निघाले होते. "बाई, सर गेले... सकाळी चहा पिता पिता," एवढंच बोलून तो हँडलवर डोकं ठेवून रडायला लागला. मागे एक टेम्पो, दोन मोटारी आणि एक बस हॉर्न वाजवत उभ्या. सर तिथे असते तर त्यांनी आधी सुकदेवला रिक्षा कडेला घ्यायला लावली असती आणि मगच स्वतःच्या जाण्याची हकीकत ऐकून घेतली असती, एवढं मनात येऊन गेलं.

सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी चित्रकला. एका स्टाफरूममध्ये आम्ही वीस-बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी भांडण्यात. माझ्या तासाला ते 'विश्रांती' म्हणत आणि परीक्षा जवळ आली की बिनदिक्कत मागून घेत. लहानपणी पोलिओ झाल्यानं त्यांच्या डाव्या पायाला कॅलिपर होता आणि काखेत कुबडी. व्हरांड्यात तिची टकटक ऐकू आली की आठवी ब अशी गप्प व्हायची, की मुख्याध्यापकांनाही हेवा वाटावा. त्यांच्याबद्दल कुणी हळहळलेलं त्यांना खपत नसे. "पाय अधू आहे, डोकं शाबूत आहे. तुमचं उलटं नाही ना, तेवढं तपासून घ्या," असं ते एकदा चक्क शिक्षणाधिकाऱ्यांना म्हणाले होते. त्यानंतर त्यांची बढती चार वर्षं लांबली, पण वाक्य मागे घ्यायला ते तयार झाले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली आणि रोज भाजीला जायचं ठरवलं. घरी मंगलवहिनी म्हणत, "अहो, भाजी दारावर येते." पण दारावरच्या भाजीत निवड नसते, आणि सरांना वांगी स्वतः उलटून-पालटून घ्यायची होती. पहिल्याच दिवशी पार्किंगवाल्यानं अडवलं. "काका, हिला चार चाकं हायेत, मोटारींकडं लावा." मोटारींकडचा म्हणाला, "ही स्कूटर आहे, टू-व्हीलरकडे न्या." सर म्हणाले, "दोन अधिक चार सहा, भागिले दोन. सरासरी तीन चाकं. म्हणजे मी रिक्षा आहे." आणि सरळ जाऊन त्यांनी गाडी रिक्षाथांब्यावर रांगेत लावली. तिथे त्यांना सुकदेव भेटला. तो मूळचा चांदवडचा, बोलायला फटकळ. "सर, तुमी पॅसेंजर घ्यायला लागले तर आमचं कसं व्हायचं?" एवढंच त्यानं विचारलं, आणि दोघांचं जमलं.

पण रिक्षाथांबा रस्त्याच्या पलीकडे. गर्दीतून रस्ता ओलांडायचा, मग कोबीच्या ओल्या पाल्यावरून कुबडी टेकत आत जायचं. सर दोनदा पडले. "पडण्याचं काही नाही हो बाई," मला म्हणाले, "पण उचलायला चौघं धावतात आणि चौघं चार दिशांना ओढतात." हसत होते, पण पुढचे आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मंगलवहिनींनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज घाबरलेला होता. मी गेले तर सर दारावरची वांगी समोर घेऊन बसलेले, परक्याच्या पोराकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत. "बाजाराच्या तोंडाशी एक गाडी मावेल एवढी जागा राखीव मिळाली, तर मी माझा माझा जाईन," ते म्हणाले. मग अर्ज लिहिला. अक्षर माझं, भाषा त्यांची, म्हणून त्यात 'सिद्ध करून दाखवतो' असं तीनदा आलं.

कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण माझी तिथे अजून कामं अडकलेली आहेत. अपंगांच्या परवान्याचा विभाग पहिल्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. सर खाली स्कूटरवर, साहेब वर, आणि मी जिन्यात. साहेब म्हणाले, अर्जदारानं समक्ष यावं. मी खाली येऊन सांगितलं. सरांनी चिठ्ठी दिली, 'अर्जदार समक्ष आहे, कार्यालयच वर गेले आहे.' साहेबांनी चष्मा पुसून चिठ्ठी वाचली आणि विचारलं, पोलिओ अजून आहे का? मी पुन्हा खाली. "आहे म्हणावं," सर गरजले, "साठ वर्षं सांभाळलाय, आता कुठे सोडता!" तो आवाज जिन्यातून वर आपोआप पोचला. असे आम्ही अकरा वेळा गेलो. माझे गुडघे तेव्हापासून धरले आहेत, ते सरांच्या नावावर.

अखेर परवाना आला. 'वाहनाच्या दर्शनी भागावर लावावा' असं त्यावर छापलं होतं. "स्कूटरचा दर्शनी भाग मीच," म्हणत सरांनी तो फितीत ओवून गळ्यात घातला आणि लग्नाकार्यातही तसाच मिरवला. पुढे बाजाराच्या तोंडाशी राखीव जागेचे पट्टे मारले गेले. रंगाऱ्यानं चाकाच्या खुर्चीतला माणूस काढला, तो जेवून पान खात रेलल्यासारखा दिसत होता. मला राहवेना, भर उन्हात रंगाऱ्याच्या हातातून ब्रश घेऊन मी त्याची पाठ सरळ केली. सर म्हणाले, "बाई, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या विषयाचा उपयोग झाला."

आठ दिवसांत दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराची भलीमोठी पांढरी गाडी त्या जागेत उभी. "दोन मिनिटांत आलो," म्हणून गेलेले गृहस्थ अर्ध्या तासानं परतले, तर सर मागे स्कूटर आडवी लावून पेपरातलं कोडं सोडवत होते. "काका, गाडी काढा." "तुमची दोन मिनिटं होऊ द्या की." गृहस्थ तणतणत जवळ आले आणि एकदम विरघळले. "पगारे सर? सर, मी... आठवी ब!" "मग एकोणतीसचा पाढा म्हण." पांढऱ्या कपड्यातला तो माणूस बाजाराच्या तोंडाशी हात बांधून उभा राहिला. एकोणतीस सातेपाशी अडकला, तेव्हा कोथिंबीरवाल्या मावशींनी सांगितलं, "दोनशे तीन रे बाबा, म्हन आन् जा."

त्या दिवसापासून तिथे गाडी लावायची कुणाची छाती झाली नाही. सुकदेव पलीकडून ओरडायचा, "ओ, ती सरांची जागा हाय!" मला वाटलं, सर खूश होतील. ते संतापले. "माझी कशी? माझ्या नावाचा सातबारा आहे का? मी मेल्यावर ही जागाही माझ्याबरोबर मेली, तर सुकदेव, बाईंनी उगाच जिने झिजवले!" सुकदेव मान डोलवायचा. पण नियमाचं कुणाला काय पडलेलं, सरांचा धाक मात्र सगळ्यांना. आणि खरं सांगते, मीही 'सरांची जागा' असंच म्हणत राहिले.

सर गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर थांब्यावरच्या मंडळींनी त्याच चौकटीत सरांचा मोठा फ्लेक्स उभा केला. भोवती विटा, विटांना झेंडूची माळ. "बाई, तुमचा हात चांगला हाय, रांगोळी काढा," सुकदेव म्हणाला. मला भरून आलं. तासभर बसून मी मोठी ठिपक्यांची रांगोळी काढली आणि मनात म्हटलं, आता इथे कुणाची गाडी लागणार नाही.

शेवटच्या पाकळीत रंग भरत होते, तेवढ्यात समोर एक स्कूटर थांबली. मागे दोन जादा चाकं, वर तिशीतली एक बाई, पायाशी काठी बांधलेली. सुकदेव हात जोडून पुढे झाला. "ताई, इथं नाय लावता येनार. आमच्या सरांची जागा हाय." तिनं फोटोला नमस्कार केला. "चालेल दादा, लांब लावते मी," म्हणाली आणि वळायला लागली. आवाजात जराही तक्रार नव्हती. तिला याची सवय होती. ती सवय ऐकून मला इतकी लाज वाटली, की इतके दिवस न आलेलं रडू तिथेच आलं.

"सुकदेव, फ्लेक्स उचल."

"बाई, सर हायेत ते!"

"सर आहेत म्हणूनच उचल."

सुकदेवनं विटा बाजूला केल्या, फ्लेक्स उचलला आणि ठेवायला जागा नाही म्हणून रिक्षात मागच्या सीटवर नीट बसवला. ती बाई अवघडून म्हणाली, "अहो, पण रांगोळी..." "जाऊ द्या वरून," मी म्हटलं. स्कूटर वरून आत गेली.

भाजी घेऊन ती निघून गेल्यावर लगेच एका मोटारीनं तिथे नाक घातलं. सुकदेव पदर खोचल्यासारखा धावला. "कुणाची आहे रे जागा?" आतून आवाज आला. सुकदेवनं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता एक ताई व्हत्या, त्यांची. आता दुसरे कोनी असेच येतील, त्यांची," तो म्हणाला. "तुमची नाय."