मुसळ वर असताना

मागच्या उन्हाळ्यात लालबागच्या डंकाची मोटर जळली. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. मोटर लोखंडी मुसळं वर उचलते, आणि ती उखळात आदळतात. आई तिथे कामाला आहे. ऐन हंगामात आठ दिवस डंक बंद पडला आणि आई वरळीच्या चाळीत घरी बसून राहिली. म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी सरांना म्हटलं, मोटर जळायच्या आधी ती बंद करणारा डबा बनवते.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मी म्हटलं म्हणजे मला जमणारच, असं आईला वाटतं. तिने डंकाच्या मालकाकडे, शेठकडे, शब्द टाकला. शेठ म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे बघून तीन दिवस ठेवतो. खोळंबा झाला तर काढून टाकेन."

डब्यात फार काही नव्हतं. मोटरच्या वायरीवर करंट मोजणारा सेन्सर, त्याचा आकडा वाचणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर. आकडा मर्यादेपुढे गेला की मोटर बंद. कॉलेजात बॅटरीवरच्या लहान मोटरवर हे बरोबर चाललं होतं.

इथे डंकावर पहिल्याच दिवशी मला काही कळेना. लॅपटॉपवर सेकंदाला दहा आकडे येत होते. ते हळूहळू चढायचे, मग हळूहळू उतरायचे. डंक मात्र एकाच लयीत चाललेला.

"आई, आता मोटरवर जोर आला का?"

"नाही गं. तशीच चाललीय."

"आणि आता?"

"आत्ताही तशीच. तू डबा बघ, मला मिरची बघू दे."

दुपारी एका उखळात हळकुंडं जास्त पडली. मुसळ अडकलं, मोटर घुमायला लागली. आईने धावत जाऊन बटण बंद केलं. मुसळ अडकलेलं असताना माझ्या स्क्रीनवर जो आकडा होता, तो मोटर बंद असताना येतो तो.

"काय इंजिनिअरीणबाई," शेठ म्हणाले, "डब्याला चष्मा लागलाय का?"

आई माझ्याकडे न बघता उखळातली हळकुंडं काढायला लागली. तेच मला जास्त लागलं.

सरांना फोन केला. ते घाईत होते. "फास्ट वाच," एवढंच म्हणाले. सेकंदाला दहा वेळा म्हणजे फास्ट नाही? मोटर काही एका सेकंदात जळत नाही. मी सेन्सर बदलला, वायरी बदलल्या. आकडे तसेच चढत-उतरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुसतीच आईसमोर बसले होते. ती हाताने मिरची उखळाच्या मध्ये सारत होती. मुसळ वर गेलं की हात आत, पडायच्या आत हात बाहेर. इतकी वर्षं पाहिलेलं, पण मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

"आई, तुझा हात आत असताना मुसळ कधी खाली येतं का?"

"आलं तर बोटं राहतील का? खुळी आहेस का?"

म्हणजे फक्त आईचा हात आत असेल तेव्हाच डोळे उघडले, तर मुसळ कायम वरच दिसेल. ते पडतं हे कळणारच नाही. माझा डबा हेच करत होता. बॅटरीतला करंट सरळ वाहतो. इथली वीज सेकंदाला पन्नास वेळा लाटेसारखी उलटसुलट होते. मी दर पाच लाटांनी एकदा बघत होते, जवळपास त्याच जागी. ती जागा थोडी थोडी सरकायची, म्हणून आकडा चढल्या-उतरल्यासारखा वाटायचा. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं होतं असं नाही. वहीत लाटा काढून, त्यावर टिंबं देऊन मग पटलं.

दोन आकड्यांमध्ये प्रोग्रॅम थांबायचा, ते थांबणं मी काढून टाकलं. आता तो प्रत्येक लाट शंभरेक ठिकाणी वाचून तिची उंची धरत होता. दुपारी शेठनी बटण दाबलं आणि डंक लगेच बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते, आणि आता डब्याला तेही दिसत होतं.

"काल आंधळा होता, आज भित्रा झाला," शेठ म्हणाले.

पहिली दोन सेकंदं सोडून द्यायची, असं मी घातलं. मर्यादाही थोडी वर सरकवली.

तिसऱ्या दिवशी डंक छान चालला. मग दुपारी कुटता कुटता अचानक थांबला. उखळात काहीच अडकलेलं नव्हतं.

"बास. काढ तो डबा," शेठ म्हणाले.

मी स्क्रू काढायला वाकले. तेवढ्यात आईने मेन स्विच खाली केला, मोटरचा पट्टा उतरवला आणि डंकाचं मोठं चाक हाताने फिरवून बघितलं.

"शेठ, जरा हात लावा. जड लागतंय."

शेठनी फिरवून बघितलं. दोनदा. मग मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीने चाकाचं बेअरिंग काढून दाखवलं. त्यातलं वंगण सुकून काळं पडलं होतं, म्हणून मोटरवर जोर येत होता. संध्याकाळी डंक पुन्हा सुरू झाला. डबा काढ, असं पुन्हा कोणी म्हटलं नाही. आईने पदराने त्याच्यावरची मिरचीपूड पुसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत राहिली, "माझ्या मुलीने केलाय."

ती मर्यादा मी अंदाजाने घातली होती. आणखी थोडी वर घातली असती तर डबा गप्प बसला असता. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.