एक जूनचे धावपटू

हिंगोलीत मी पी.टी. मास्तर होतो. पोरांवर शिट्ट्या मारून कंटाळलो आणि दोन हजार सालानंतर म्हाताऱ्यांच्या मागे लागलो. पंचावन्नच्या पुढच्यांसाठी लांब पल्ल्याच्या शर्यती निघाल्या होत्या. नरसीच्या रस्त्यावर सकाळी तिघं जण पळायला येत, त्यांना मी हाताखाली घेतलं. तिघांच्या तीन वेगळ्या वह्या केल्या. कोणी किती पळायचं, कुठे थांबायचं, नाडी किती चढू द्यायची, सगळं ज्याच्या त्याच्या वयावरून. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, ती नाडीची वरची हद्द, आणि पुढे सगळं त्यावरून ठरवायचं. या विद्येचा मला भलताच माज होता.

तिघांचीही जन्मतारीख एक जून होती. माझीही तीच आहे. आमच्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर लेकराकडे बघून अंदाजाने साल टाकायचे आणि तारीख सरसकट एक जून. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी वहीत मी कागदावरचंच वय घेतलं.

तिसरा गडी सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाटकरी होता, नुकताच रिटायर झालेला. कागदावर अठ्ठावन्न. त्याला परभणीची दहा किलोमीटरची शर्यत पुरी करायची होती. नंबर नको होता. जन्मभर लोकांच्या शेतांना पाणी सोडलं, आता आपल्या नावाचं एक प्रमाणपत्र भिंतीवर लागावं, एवढीच हौस.

तो चौथ्या किलोमीटरलाच मागे पडायचा. पाच मिनिटं उभा केला तरी नाडी उतरायची नाही. मग मी त्याला शाळेतल्या पोरासारखा कान धरून उभा करायचो आणि वर एक किलोमीटर जादा द्यायचो. बाकीचे दोघं हसायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा तो म्हणाला, "मास्तर, वहीत जरा कमी लिवा ना. छाती भरून येऊन राहिली."

"वही तुमच्या वयाची आहे," मी म्हणालो, "तुमच्या आळसाची नाही."

त्याने मान खाली घातली आणि पळायला लागला.

शर्यतीला पंधरा दिवस होते तेव्हा त्याने मला घरी जेवायला नेलं. त्याची धाकटी बहीण आली होती. वाढता वाढता ती म्हणाली, "लई पळतो हा, पहिल्यापासून. रझाकाराच्या टायमाला मला खांद्यावर घेऊन तुरीत पळाला व्हता. मी चार वर्सांची, हा धा वर्सांचा."

रझाकार म्हणजे अठ्ठेचाळीस साल; मी जेवता जेवता हिशेब केला. तो अठ्ठावन्नचा नव्हता, सहासष्टच्या घरात होता. मला रस्त्यापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने हात जोडले. "कोनाला बोलू नका मास्तर. नोकरी त्याच तारखेवर झाली. पेन्शन बंद करतील."

पेन्शन कोणी बंद करणार नव्हतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही. आणि वही तर माझीच होती. रात्रीतून आकडे बदलले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण आकडे बदलायचे म्हणजे चार महिने या माणसाला आपण विनाकारण छळलं, हे त्याच्यासमोर कबूल करायचं. ते मला जमेना. उलट दुसऱ्या दिवशी मी त्याला दोन किलोमीटर जादा पळवलं.

परभणीत आठव्या किलोमीटरला तो रस्त्याच्या कडेला बसला आणि आडवा झाला. वाचला. पण डॉक्टरांनी सांगितलं की आता पळणं तर सोडाच, जिनाही चढायचा नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी वय विचारलं, तेव्हा खाटेजवळ मी एकटाच होतो. तो माझ्याकडे बघत होता.

"अठ्ठावन्न," मी म्हणालो.

डॉक्टर लिहून घेऊन पुढच्या खाटेकडे गेले. त्याने सलाईन नसलेल्या हाताने माझा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"लई उपकार झाले मास्तर," तो म्हणाला. "दुसरा कोनी असता तं बोलून गेला असता."