झोप तपासायची पट्टी

रत्नागिरीत मुलांना तायक्वांदो शिकवताना माझं खरं भांडण प्रतिस्पर्ध्यांशी कधीच नव्हतं. ते होतं मोबाईलशी, वाढदिवसांशी आणि शिमग्याशी. रात्रभर जागून आलेलं पोर लाथ झकास मारतं, फक्त समोरचा तिथून निघून गेल्यावर. आयांना हे सांगून पाहिलं. "झोपंचं काय मॅडम, रविवारी भरून काढंल," असं उत्तर यायचं.

मग मी पट्टी आणली. साधी, लाकडी, फूटभर. मी ती वरून धरायची, पोराने खाली अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, मी न सांगता सोडायची. चटकन पकडली तर सरावाला उभं राहा, निम्मी निसटली तर घरी जाऊन झोप. या शास्त्राचा मला एवढा अभिमान, की पाहुण्यांच्या बोटांमध्येही मी पट्टी सोडून बघायची. नवरा तर पट्टी दिसली की हात खिशात घालायचा.

थोड्याच दिवसांत सगळी पोरं पास व्हायला लागली. पेंगत आलेलीसुद्धा. मला वाटलं, काय माझा धाक! माणसाला स्वतःबद्दल काहीही वाटू शकतं.

माझी सगळ्यात तयार मुलगी पावसच्या पुढच्या एका गावातली. त्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे त्या गटातून जिल्ह्याच्या संघात जायची शेवटची संधी. आणि निवड चाचणी ठेवली कधी, तर ऐन शिमग्यात, तिच्या वाडीत पालखी येणार त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात गावाने यंदा पहिल्यांदाच मुलींना पालखी खांद्यावर घेऊन नाचवायला द्यायचं ठरवलं होतं. मी तडक गावच्या मानकऱ्यांना गाठलं आणि पालखी एक दिवस अलीकडे घ्या म्हटलं. ते सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, "देवीचा क्रम नाय बदलत मॅडम. तुमची मारामारी फुडं ढकला."

पोरीने मात्र गळ्याला हात लावून शपथ घेतली, "लवकर झोपतंय मॅडम."

सकाळी हॉलवर आली ती कानामागे गुलाल घेऊन. मी पट्टी काढली. तिने ती अशी झेलली, की शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या क्लासच्या कोचने टाळी वाजवली. मी मनाशी म्हटलं, गुलाल काय, लागतो कुणाचाही.

समोर चिपळूणची मुलगी. पहिल्या फेरीत तिने आमच्या पोरीला असं धुतलं, की फलकावरचे आकडे थांबायचं नाव घेईनात. फेरी संपल्यावर मी दात ओठ खात विचारलं, "झोपली होतीस ना?"

"नाय."

"मग पट्टी कशी पकडलीस?"

ती धापा टाकत म्हणाली, "सोडायच्या आधी तुमची डावी भुवई उडते. क्लासात सगळ्यांना म्हायतीय." (घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, लग्न ठरल्यापासून बघतोय.)

अस्सा संताप आला! पण कान उपटायला वेळ कुठे होता? मी म्हटलं, "मग आता समोरचीचं काय उडतं ते बघ!"

आणि तिने बघितलं. चिपळूणच्या मुलीचा खांदा लाथेच्या आधी किंचित खाली यायचा. तो पडला की आमची आत शिरायची. दुसरी फेरी आमची. ओरडून ओरडून माझा घसा बसला. तिसऱ्या फेरीतही खांदा पडत होता, आणि तिला तो दिसतोय हे मला कोपऱ्यातून कळत होतं. पण तिचा पाय जागचा हलेपर्यंत लाथ येऊन गेलेली असायची.

"दिसत होती ओ मॅडम," हेडगार्ड काढून ती रडायला लागली. "पाय उठंपर्यंत लागून गेली."

मलाही रडू येत होतं. इतकी वर्षं पाऊसपाण्यात एसटीने येणारी पोर ती, आणि एका रात्रीने सगळं घालवलं.

संध्याकाळी तिला घरी सोडायला मीच पूर्णगडच्या एसटीत बसले. झोपेवरचं भाषण ओठांवर तयार होतं. पण तोंडातून निघालं भलतंच, "कशी झाली पालखी?"

ती सरळ होऊन बसली. "आयशीला कधी कोणी खांद्याला घेऊ दिली नाय. जल्मभर कडेला उभी राहून बघितलंन. काल माझ्या खांद्यावर दिली, तर आयस ढोलापुढं नाचायलाच लागली मॅडम! पहाटेपर्यंत थांबेच ना. मग मी कशी झोपू, तुमीच सांगा."

शास्त्रात याला उत्तर नव्हतं. मी तिला द्यायला पिशवीतून पाण्याची बाटली काढली. वळून पाहिलं तर तोंड उघडं टाकून ती गाढ झोपलेली.

तिचा थांबा आला. घंटा मारून कंडक्टर म्हणाला, "उठवा पोरीला."

"राहू दे. शेवटच्या थांब्यापर्यंत, पूर्णगडची आणखी दोन तिकिटं द्या."

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. मागून ढोल वाजत होता. "मॅडम, काय झालं? आलं काय नाव?" ते ओरडून विचारत होते.

"सांगते," मी म्हटलं. "जरा हळू बोला. पोर झोपलीय."