क्लच मास्तर आणि बिनक्लचची गाडी

साऱ्या शहराला गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाच्या बायकोला गाडी येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. नवऱ्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. "गाडी म्हणजे क्लच, बाकी सगळा पत्रा," हे ते प्रत्येक शिकाऊला पहिल्याच दिवशी ऐकवत, म्हणून लोकांनी त्यांचं नाव क्लच मास्तर ठेवलं. बायकोला सगळे नुसतं काकू म्हणत.

लग्नानंतर मास्तरांनी काकूंनाही शिकवायला घेतलं होतं. एका चढावर गाडी जराशी मागे घसरली आणि मास्तर असे काही ओरडले, की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. काकू गाडीतून उतरल्या, तरातरा चालत घरी आल्या आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात म्हणून लावला नाही. परक्यांशी खडीसाखरेसारखं गोड बोलणारा माणूस घरच्यांवरच का खेकसतो, हे कोडं काकूंना कधी सुटलं नाही. कुठल्या बायकोला सुटलंय म्हणा!

मग मुलानं मोठी गाडी घेतली, सगळं कुटुंब मावेल अशी, आणि तीही ऑटोमॅटिक. मास्तरांनी आत डोकावून पाहिलं, क्लच दिसेना, तर त्यांचा चेहरा कुणी खिसा कापल्यासारखा झाला. "ही काय गाडी आहे? धडधाकट माणसाला लंगडी घालायला लावतात!" नावं ठेवायची आणि रोज सकाळी तीच गाडी घेऊन स्कूलला जायचं, हा त्यांचा नेम झाला.

सुनेच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. गोदामामागच्या मोकळ्या मैदानात ती सासूला घेऊन गेली. "आई, यात क्लचच नाही. बाबा ओरडणार कशावरून?" काकूंना ते एकदम पटलं. सुनेनं नियम घालून दिला: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय गिअरचा दांडा हलवायचा नाही. काकूंनी तो असा पाळला, की गाडी थांबली तरी त्या आणखी थोडा वेळ थांबत, उगाच शंका नको म्हणून. लायसन्स हातात आलं तेव्हाच मास्तरांना कळलं. ते "हं" एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

काकूंची थोरली बहीण टेकडीपलीकडे राहायची. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडलीच नव्हती. "अहो, ताईकडे सोडता का?" असं विचारलं की मास्तर म्हणत, "बघू." वर्षानुवर्षं नुसतं बघणंच चाललं होतं. आता काकू दर बुधवारी स्वतः जायला लागल्या. दोघी बहिणी पत्ते खेळत, ताई राजरोस लबाडी करी, आणि दोघी पोट धरून हसत. त्या एका दुपारवर काकूंचा अख्खा आठवडा निघायचा.

आणि अशाच एका बुधवारी, टेकडीच्या पायथ्याच्या सिग्नलवर, गाडीनं मान टाकली. दिवा हिरवा झाला, काकूंनी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गुरगुरलं, पण गाडी काही केल्या हलेना. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. शेवटी चार भल्या माणसांनी ढकलून ती कडेला लावली. गिअरबॉक्स जळला होता. सीटवरचा नवेपणाचा वास अजून गेला नव्हता, आणि आत सगळी राख!

"नाचता येईना, अंगण वाकडं," मास्तर जेवताना म्हणाले. "आणि इथे तर अंगणच मोडून ठेवलं! नवाकोरा गिअरबॉक्स! आता बास. यापुढे हिनं गाडीला हात लावायचा नाही."

सून भांडायला उठली. मुलानं ताटात डोकं घातलं. आणि काकू? काकूंना ते खरंच वाटलं, हेच वाईट. गाडी त्यांच्याच हातात बंद पडली होती ना! आपलं काय चुकलं असेल, याचा विचार करकरून डोकं शिणलं. ताईचा फोन आला, "बुधवारी येतेस ना गं?" काकू म्हणाल्या, "बघू." आपल्या तोंडून नवऱ्याचा शब्द निघालेला ऐकला मात्र, आणि फोन ठेवून त्या रडल्या.

गाडी ज्या वर्कशॉपला नेली, तिथल्या फोरमनची एक पद्धत होती. गिअरबॉक्स अकाली गेला, की नवा बसवण्याआधी तो घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याबरोबर एक फेरी मारी. त्यासाठी तसलीच एक गाडी ठेवली होती. "नाहीतर नवाही जाळून आणाल," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला तो कुणाला भीत नसे. मुलाची आणि सुनेची फेरी आदल्या दिवशीच बिनचूक झाली होती. पण आज काकूंबरोबर आलेल्या मास्तरांना बघताच तो ताडकन उभा राहिला. कारण गाडी तो त्यांच्याकडेच शिकला होता.

"मास्तर, तुम्ही कशाला? फक्त काकूंची फेरी घेतो."

"माझीही घे," मास्तर म्हणाले. "चांगलं कसं चालवतात तेही दिसू दे जरा."

आधी काकू बसल्या. मागच्या सीटवरून मास्तरांचे उसासे. तरी गाडी गेली आणि आली. फोरमन खिडकीतून बाहेर बघत निवांत गुणगुणत होता.

मग मास्तर. काकू मागे बसल्या. उतार लागला तसा मास्तरांनी खटकन न्यूट्रल टाकला आणि गाडी घरंगळू दिली. "पेट्रोल वाचतं." फोरमनचं गुणगुणणं थांबलं. उतार संपायच्या आत, पळत्या गाडीतच, दांडा पुन्हा खाली. आतून धक्का बसला. फोरमननं दाराच्या वरची धरायची मूठ पकडली. वळवण्यासाठी मागे घेतलेली गाडी अजून मागेच चाललेली, तोच मास्तरांनी तिला पुढच्या गिअरमध्ये ओढली. फोरमननं डोळे मिटले. आणि शेवटी चढावर मास्तरांनी आपली खास कला दाखवली. ब्रेक नाही, काही नाही, नुसता ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरली. "बघ! एक बोटभर मागे नाही!" इंजिन कण्हत होतं, आणि फोरमनही.

काकूंना सगळं उमगलं. इतके दिवस स्वतःला दिलेला दोष गळून पडला आणि त्या जागी सणसणीत राग आला.

वर्कशॉपला परतल्यावर फोरमन पुसायचं फडकं हातात पिळत म्हणाला, "काय आहे मास्तर, हल्ली कंपन्यांचा मालच..."

"मालाचं राहू दे," काकू म्हणाल्या. "मला एवढंच सांग. चालत्या गाडीत दांडा हलवला, चढावर अशी तोलून धरली, तर काय होतं?"

फोरमन बुटांकडे बघत राहिला. "जळतं, काकू."

"आणि मी यातलं काय केलं?"

"काहीच नाही."

मास्तर हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. "अरे, खरं सांगतोस?"

"मास्तर, तुमच्यासारखा क्लच या शहरात कुणाला जमत नाही," फोरमन काकुळतीला येऊन म्हणाला. "पण यात तो नाहीच ना हो!"

मास्तर बाकावर बसले. एवढा मोठा माणूस, एकदम लहान दिसायला लागला. "मग मला कुणी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?" काकूंनी विचारलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही. मी रडले त्या दिवशी, ठाऊक आहे?"

दुरुस्ती होईपर्यंत वापरायला फोरमननं तीच गाडी दिली. किल्लीचा हात आधी सवयीनं मास्तरांकडे गेला, मधेच थबकला आणि काकूंकडे वळला.

"मी ताईकडे चालले," काकू म्हणाल्या. "यायचं तर या. पण मागे बसा. पुढे बसलात की तुमचे पाय ब्रेक शोधत राहतात, आणि तोंडही."

मास्तर मुकाट्यानं मागे बसले. टेकडीच्या चढावर पुढचा ट्रक थांबला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, आरशात बायकोचे डोळे दिसले, आणि ते पुन्हा मिटलं.

ताई खिडकीशीच बसली होती. दोघांना बघून ती केवढी हरखली. "अगंबाई! आज मास्तर स्वतः तुला घेऊन आले?"

"नाही ताई," काकू म्हणाल्या, "मी त्यांना घेऊन आले."

ताईनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर दारातच चपला काढत होते. खाली वाकूनच ते म्हणाले, "हो. चांगली चालवते ती."