ओहोटीची बाटली

बाटलीवाले चाचा गेल्या महिन्यात वारले. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावर पोहण्याआधी पाणी तपासणारा तो एकच माणूस होता.

आखातात पाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. परतल्यावर दर आठवड्याला ते गुडघाभर पाण्यात उतरत, बाटली भरत आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पाठवत. भरायची ती ओहोटीलाच. "भरतीला समुद्र चांगले कपडे घालून येतो," ते म्हणत. "खाडीत कोनी काय सोडलंय, ते पानी उतरताना कळतं."

लॉजवाले चिडवत, "चाचा, समुद्राला आज ताप किती?"

"समुद्राला न्हाय रे, तुझ्या गटाराला."

अहवाल वाईट आला की ते काठीला लाल फडके बांधत. मग नात झैनब कितीही रडली तरी तिला पाण्यात सोडत नसत.

दिवाळीच्या सुट्टीआधी असा एक अहवाल त्यांनी माझ्या हातात दिला. "छापा, पत्रकारसाहेब. माझं फडकं लोक काढतात. तुमचं छापलेलं कोन काढनार?"

खात्री करावी म्हणून मी स्वतः नमुना घेतला. पोहोचलो तेव्हा भरती होती. छायाचित्रकाराला उजेड हवा होता. ओहोटीपर्यंत थांबलो नाही. नमुना स्वच्छ निघाला. 'पाणी पोहण्यायोग्य' ही बातमी माझ्या नावाने आली. लॉजवाल्यांनी कात्रण भिंतीवर लावले.

चाचा अंक घेऊन घरी आले. रागावलेले नव्हते.

"ओहोटीलाच भरलीत ना बाटली?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी अंकाची घडी घातली. "मग माझंच कायतरी चुकलं असेल. उमर झाली." चहा संपवून ते गेले. फडके त्यांनी स्वतःच सोडले.

पुढच्या रविवारी त्यांनी झैनबला हात धरून समुद्रात नेले. तेव्हा ओहोटी होती. दोन दिवसांनी जुलाब आणि ताप घेऊन ती माणगावच्या रुग्णालयात दाखल झाली. मी भेटायला गेलो.

"बाहेरचं खाल्लं असेल," चाचा म्हणाले. "पानी तर तुमीच तपासलंय."

मी मान डोलावली.

सहाव्या दिवशी झैनब घरी आली. खुलासा छापला गेला नाही. चाचांनी नंतर एकही बाटली भरली नाही.

दफनानंतर मी त्यांच्या मुलाला, झैनबच्या वडिलांना, भरतीचे सांगितले.

"अब्बांना सांगितलं होतंत?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो.