रुमाल गळ्यातच होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून जत्रा पुन्हा भरू लागल्या होत्या. मी कराडचा. 'मौत का कुआँ'वर पुकारा करायचो. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर दिनकर मोटारसायकल पळवायचा, त्याची बायको शांता तिकिटं फाडायची आणि मी बाहेर भोंग्यावरून माणसं गोळा करायचो. आवाज चांगला होता माझा – तेवढंच काय ते चांगलं होतं म्हणा.

आमच्यात एक रीत होती. हात सोडून चालवणार असला, की दिनकर गळ्यातला रुमाल हँडलला बांधायचा. रुमाल दिसला तरच मी तसं पुकारायचं. कारण एकदा पुकारलं, की ते बघितल्याशिवाय लोक हलत नसत.

आष्ट्याजवळच्या त्या जत्रेत दिनकरच्या अंगात ताप होता. रुमाल गळ्यातच होता. मी पाहिला होता – हो, चांगला पाहिला होता. तरी भोंग्यात ओरडलो, "आज दोन्ही हात सोडून!"

का? समोरच्या जादूच्या तंबूकडं गर्दी वळत होती म्हणून? की आदल्या गावात लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही – त्याचा राग? की नुसती जिभेची सवय? खरंच, मला अजून उलगडत नाही.

खेळ सुरू झाला तसा मीही वर गेलो. कठड्यावरून लोक ओरडत होते, "हात सोड की रं!" दिनकरनं मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हात सोडले. पडला. पाय कायमचा गेला.

दवाखान्याच्या दारात शांतानं विचारलं, "भावजी, त्यांनीच सांगितलं व्हतं का तसं पुकारायला?"

मी "व्हय" म्हणालो. कुणाला भ्यालो – खेळाच्या मालकाला, की तिला?

दिनकर वारल्यावर ती मला सांगलीच्या स्टँडवर भेटली. म्हणाली, "मरस्तवर म्हनत व्हते, म्या सांगितलं न्हवतं. पर मी कवा इस्वास ठिवला न्हाई. लय बोलले त्यास्नी. तुमी कशाला खोटं बोलाल?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. तेवढ्यात एसटी लागली. तिची पिशवी मी वर चढवून दिली आणि खिडकीतून विचारलं, जागा मिळाली का. मिळाली म्हणाली.