आठ दिवसांचा चमचा

त्या कारखान्यात वस्तू घडवणारे पासष्ट लोक होते आणि तोडणारी एकच बाई. तिला सगळे तोडकाकू म्हणत, अगदी तोंडावर. साच्यातून निघालेल्या मालातले वीस नग त्यांच्या टेबलावर यायचे. दहांवर त्या लोलकासारखा झुलणारा हातोडा सोडायच्या, दहा नुसत्या हातांनी वाकवायच्या, मग रजिस्टरमध्ये पास किंवा नापास लिहून सही ठोकायच्या. सव्वीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय एक खोकं दाराबाहेर गेलं नव्हतं. घरी एखादा पेला फुटला की नवरा म्हणायचा, "अगं, कामावरचं काम घरी आणू नकोस."

स्वभावही तसाच. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. एकदा एका मशीनवाल्याने निवडून निवडून चांगले वीस नग पाठवले. काकू उठल्या, ढिगात हात घालून दुसरे वीस घेऊन आल्या, तोडले आणि त्यांचे तुकडे त्याच्याच जेवणाच्या डब्याशेजारी रचून ठेवले. तो महिनाभर बोलला नाही. काकूंचं काही अडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी जुनं प्लास्टिक बंद केलं आणि मक्यापासून केलेले दाणे आणले. हा माल खतात कुजतो, म्हणून सगळीकडे त्याचं कौतुक. पण होता महाठिसूळ. नुसतं दटावलं तरी तुटेल असा, काकू म्हणायच्या. त्याला चिवट करायला मालकांनी रसायनशास्त्र शिकलेल्या एक तरुण मॅडम नेमल्या. मॅडमनी वर्षभर खपून एक मिश्रण जमवलं. त्याचे चमचे काकूंच्या हातात छान वाकले. वृद्धांच्या एका दवाखान्याने लगेच मागणी दिली. पहिला लॉट काकूंच्या सहीने गेला आणि चाचणीतून उरलेले चार चमचे काकूंच्या पिशवीतून घरी गेले.

घरी सासूबाई होत्या. त्यांचे हात थरथरायचे, त्यामुळे घास तोंडात गेला की चमचा निसटू नये म्हणून त्या तो दातांत घट्ट धरायच्या. दहाव्या दिवशी, रविवारी, जेवताना कट्‌ असा आवाज आला. सासूबाईंनी तळहातावर चमच्याचा तुकडा काढला. त्याच्यामागून रक्त आलं. काकूंनी धावत जाऊन पाणी आणलं. सासूबाईंनी चूळ भरली आणि सुनेकडे पाहिलं.

"हा तुमच्याकडचाच ना गं?"

"हो."

"आपलेच दात, आपलेच ओठ. सांगू कोणाला?"

सासूबाई हसल्या. काकूंना हसू आलं नाही. लाज वाटली. तेवढीच भीतीही वाटली, कारण दवाखान्यात असे कितीतरी थरथरते हात होते.

सोमवारी त्यांनी मशीनवरचा गरम चमचा घेतला. वाकला. मग पहिल्या लॉटचे नमुना म्हणून जपून ठेवलेले नग घेतले. कट्‌. दुसरा, कट्‌. अकरा तुटले तेव्हा त्या मॅडमच्या खोलीत गेल्या आणि तुकडे कागदांवर ओतले.

मॅडमनी एक तुकडा उचलून त्याची तुटलेली कड बघितली. "गरम असताना आतून ऐसपैस असतो तो," त्या म्हणाल्या. "मग दिवसेंदिवस आतल्या आत घट्ट बसत जातो. घट्ट बसला की वाकत नाही, तुटतो."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"वाचलं होतं. पण तुम्ही नग कधी तपासता, हे मी विचारलंच नाही."

"आणि मी सांगितलं नाही. शाबास आपल्या दोघींची!"

कारखान्याची रीतच तशी होती. माल साच्यातून निघाला की तासाभरात तपासायचा, म्हणजे काही बिघाड असला तर लगेच कळतो. जुनं प्लास्टिक आज जसं असायचं तसंच महिन्याने. सव्वीस वर्षांत कोणाला थांबायची गरजच पडली नव्हती.

मॅडमनी मंगळवारी नवं मिश्रण केलं. वनस्पतींपासूनच केलेला एक मऊ, रबरासारखा पदार्थ त्यांनी मक्याच्या दाण्यांत कालवला. तो घातला की चमचा मळकट दिसतो म्हणून मालकांनी आधी तो नाकारला होता. काकूंनी नवे चमचे फडताळात मांडले, वर तारीख लिहिली आणि कोणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. आठ दिवसांत काय घट्ट बसायचं ते बसेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या, म्हणून पुढच्या बुधवारी ते तोडून बघायचे होते.

पण मालकांकडे जुन्या मिश्रणाची, आठवड्यापूर्वी घडवलेल्या चमच्यांची चाळीस खोकी तयार होती आणि दवाखान्याला ती शनिवारी हवी होती. पहिला लॉट परत मागवा, हे काकूंनी सोमवारीच सांगितलं होतं. त्यावर मालक नुसते "बघू" म्हणाले होते. याच आठवड्याच्या बुधवारी त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं.

"काकू, ताजा असताना चमचा पास झाला ना? मग तेवढंच लिहा. खोटं काही लिहू नका."

"दवाखान्यातले म्हातारे काय मशीनखाली उभं राहून जेवणार आहेत?"

"सव्वीस वर्षं अशीच सही केलीत."

"म्हणून तर आता करणार नाही."

मालक वाईट नव्हते, पण कात्रीत सापडले होते. त्यांनी सहीसाठी पेन सुपरवायझरच्या हातात दिलं आणि काकूंना पॅकिंगला बसवलं. सगळ्यांना वाटलं, झालं, काकूंची खोड मोडली.

पॅकिंगचा एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. माल पाठवण्याआधी खोकं उघडून बघायचं आणि त्यात एक जरी तुटका नग सापडला, तरी अख्खं खोकं परत पाठवायचं. गुरुवारी सकाळी काकूंनी पहिलं खोकं उघडलं, एक चमचा काढला, वाकवला. कट्‌. "तुटका आहे," त्या शांतपणे म्हणाल्या आणि खोकं परतीच्या बाजूला ढकललं. दुसरं उघडलं. कट्‌. शेजारच्या बाया आधी गांगरल्या, मग एकीने तोंडाला पदर लावला, मग सगळ्याच फिदीफिदी हसायला लागल्या. अकरा वाजेपर्यंत एकतीस खोकी परत गेली होती.

मालक धावत आले. "हे काय चाललंय?"

"पॅकिंग."

"तुम्ही मुद्दाम तोडताय!"

"मग काय चुकून? आयुष्यभर तेच करत आलेय." काकूंनी बत्तिसावं खोकं उघडून एक चमचा त्यांच्यापुढे धरला. "माझ्या हातावर विश्वास नसेल तर दातांत धरा. माझ्या सासूबाई धरतात तसा. आणि चावा."

सगळं पॅकिंग बघत होतं. मालकांनी चमचा तोंडात घातला, कारण आता मागे हटणं शक्य नव्हतं. कट्‌. त्यांनी तुकडा हातरुमालात काढला आणि कितीतरी वेळ जिभेने दात चाचपत राहिले.

"टेबलावर जाऊन बसा," शेवटी ते म्हणाले. "ही खोकी राहू द्या. येत्या बुधवारी नवा चमचा पास झाला की पहिला लॉट गुपचूप बदलून टाकू. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"बुधवारपर्यंत ते लोक जेवणार नाहीत का?"

"काकू, त्या लॉटवर सही तुमची आहे. नाव तुमचं खराब होईल."

"माझं आहे ना? मग मला बघू द्या त्याचं काय करायचं ते."

दुपारी कारखान्याची गाडी घेऊन काकू दवाखान्यात गेल्या. जेवणाची वेळ होती. त्यांनी एकेका खाटेपाशी जाऊन चमचे मागून घेतले. एका आजोबांनी देताना चमचा चाटूनपुसून स्वच्छ केला. सोमवारीच यायला हवं होतं, चार दिवस आपण वादात घालवले, असं त्यांना वाटलं आणि ते खरंच होतं.

वॉर्डच्या सिस्टर गोळा केलेल्या चमच्यांची पिशवी बघून तडकल्या. "तरीच! परवा एका आजींची जीभ कापली. आम्हाला वाटलं, त्यांचीच चूक. असला माल पास केला कोणी?"

गाडीचा ड्रायव्हर मागे उभा होता. तो खाली बघायला लागला.

"मी," काकू म्हणाल्या. "कुठल्या खाटेवर आहेत त्या आजी? त्यांनाही सांगते."